चुन्यात आखलेली आळी

रवींद्र मढवी सकाळी घरातून निघाला की फाटकापाशी उजवीकडे वळे. डावीकडे वळलं तर साठ पावलांवर रिक्षा उभ्या असतात. उजवीकडून गेलं तर तलावाला वळसा, मग शाळेची मागची बाजू, मग पिठाची गिरणी, आणि तेव्हा कुठे रस्ता लागतो. पाऊण मैलाची पायपीट. बावन्न वर्षांचा माणूस, गुडघा अधूनमधून कुरकुरतो, तरी पाच वर्षांत त्याने हा नेम मोडला नाही. बायको संचिता विचारी, हे काय नवीन? तर म्हणे, डॉक्टरने चालायला सांगितलंय. डॉक्टरने असं काही सांगितलं नव्हतं. डावीकडे भिंत होती, आणि त्या भिंतीच्या पायथ्याशी त्याची आत्या बसत होती.

ही गोष्ट त्या भिंतीची आहे. पण भिंत आभाळातून पडत नाही. आधी कोणाच्या तरी मनात पडते, मग कागदावर, मग जमिनीवर. म्हणून जरा मागून सुरुवात करावी लागेल.

डोंबिवलीच्या पश्चिमेला, शहर दमून खाडीकडे उतरायला लागतं तिथे खारवडी नावाचं आगऱ्यांचं गाव आहे. गाव म्हणजे आता नावालाच. चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या आणि गाव मध्ये चटणीएवढं उरलं. रवींद्रचा बाप गोपीनाथ मिठागरात राबला. मिठाने त्याच्या तळपायांना अशा भेगा पडल्या होत्या की पावसाळ्यात त्यांत पाणी साचे. त्याने एकच हट्ट धरला, पोरगा चिखलात उतरणार नाही. पोरगा बारावीनंतर नकाशे काढायचं शिकला आणि ठाण्यात टेंभी नाक्याजवळ मुकुल सरांच्या कचेरीत लागला. मुकुल सर इमारतींची रचना करत, रवींद्र ती कागदावर उतरवी. आधी शाईच्या पेनाने, पुढे कॉम्प्युटरवर. तीस वर्षं झाली. त्याच्या रेघेबद्दल सर म्हणत, मढवींची रेघ म्हणजे कोऱ्या धोतराचा काठ.

खारवडीत तलावाकडे जाणारी एक गल्ली होती, तिला मधली आळी म्हणत. दोन्ही हातांना घरं, प्रत्येक घराला गुडघाभर उंचीचा ओटा. आळी रुंदीला फार नव्हती. समोरच्या ओट्यावरची बाई मीठ मागे आणि या ओट्यावरची बाई हात लांब करून देई. दुपार कलली की त्याच ओट्यांवर बाजार भरे. कोलंबी, निवट्या, वाकट्या, खाडीची चिंबोरी, आणि नशीब असेल त्या दिवशी शेततळ्यातला जिताडा. आजूबाजूच्या इमारतींतली माणसं कामावरून येताना मुद्दाम आळीतून येत. कोणी मासळी घेई, कोणी नुसत्या गप्पा घेई. शिकवणीहून परतणाऱ्या मुली आळीतून बिनघोर जात, कारण दर पाच हातांवर एक आजी बसलेली. आळीला पहारेकरी नव्हता आणि लागतही नव्हता.

सात वर्षांपूर्वी आळीच्या एका अंगाची घरं पाडून तिथे इमारत बांधायचं ठरलं. बिल्डर आला, त्याने काम मुकुल सरांना दिलं आणि सरांनी रवींद्रला बोलावलं. म्हणाले, मढवी, हे तुमचंच गाव, पहिलं चित्र तुम्हीच काढा. एवढं लक्षात ठेवा, इमारत रस्त्याला तोंड दाखवते की पाठ, यावर त्या रस्त्याचं पुढचं आयुष्य ठरतं.

त्या चित्रासाठी रवींद्रने तीन रविवार घातले. मोठ्या रस्त्याच्या बाजूला दुकानं, ती कोणीही काढली असती. पण आळीच्या बाजूला त्याने अकरा छोटे गाळे काढले, आठ फूट बाय आठ फूट, पुढे ओटा, वर सावलीला सज्जा. मधोमध इमारतीच्या पोटातून मोकळी वाट, थेट तलावावर निघणारी. वरच्या घरांच्या गॅलऱ्या सगळ्या आळीकडे तोंड करून, म्हणजे सातव्या मजल्यावरची म्हातारीसुद्धा वाकून विचारील, काय गो, आज बोंबील हायत का? सरांनी तो कागद हातात धरून बराच वेळ पाहिला. मग फक्त मान हलवली. इतक्या वर्षांत सरांनी मान अशी हलवली नव्हती.

आता सह्या घ्यायच्या होत्या. देवळात बैठक झाली. रवींद्रने नकाशा पसरला, तर बायका त्याकडे पावसाळी ढगाकडे बघावं तशा बघत राहिल्या. काहीतरी आहे खरं, पण काय ते कळेना. त्याची आत्या कमळाबाई, गोपीनाथची धाकटी बहीण, तेव्हा सत्तरीला टेकली होती. ती म्हणाली, कागदावर नको दाखवू, जमिनीवर दाखव.

मग रवींद्रने चुन्याच्या दोन गोणी आणल्या. देवळामागच्या पटांगणात त्याने दोरी ताणली आणि सगळा तळमजला खऱ्या मापात, चुन्याने आखला. पांढऱ्या रेघांची अख्खी आळी. दार कुठे, ओटा कुठे, वाट कुठे. बायका लुगड्याचे ओचे उचलून रेघांमधून फिरल्या. रेघेवर पाय पडू नये म्हणून जपत होत्या, जणू ती खरीच भिंत. एकेकीने आपला गाळा धरला आणि त्यात जाऊन मांडी घालून बसली. चंद्रभागा नावाची बाई, जिच्या तोंडाला गावात कोणी लागत नसे, ती कमळाबाईच्या शेजारचा गाळा बघून म्हणाली, "हिच्या बाजूला मना नको. हिची जीभ माज्या वाकटीपेक्षा लांब हाय." सगळं पटांगण हसलं. शेवटी तीच तिथे बसली. एक घटकाभर त्या अकरा जणी त्या अकरा चौकटींत बसून राहिल्या. समोर टोपल्या नव्हत्या, मासळी नव्हती, तरी हात आपोआप माशा वारत होते.

त्याच दुपारी सह्या झाल्या. कोणी वाचलं नाही. रवींद्र बोट ठेवी तिथे सही, नाहीतर अंगठा. कागदात एक ओळ होती, की मंजुरीच्या वेळी लागतील ते बदल मान्य राहतील. तिच्यावर त्याने बोट ठेवलं नाही. तेव्हा त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे खरं. पण ती ओळ त्याला वाचता येत होती, हेही खरं.

सहा महिन्यांनी कचेरीत गाड्यांचा हिशेब जुळेना. इमारतीत घरं वाढली, तशी गाड्यांची जागा वाढवायला हवी. बिल्डरची माणसं रोज फोन करत होती. एका संध्याकाळी मुकुल सर रवींद्रच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, आळीकडचे गाळे आणि ती वाट काढली तर गाड्या बसतात. पण मढवी, तुमच्या लोकांना चालेल का? एकदा जाऊन विचारून या.

या एका क्षणाभोवती रवींद्र पुढे वर्षानुवर्षं घाण्याच्या बैलासारखा फिरत राहिला. त्याला कोणी धमकावलं नव्हतं, कोणी लालूच दाखवली नव्हती. फक्त विचारून या म्हटलं होतं. आणि त्याला डोळ्यांपुढे दिसलं ते देवळातलं जाजम, चंद्रभागेचं तोंड, दहा जणींचा एकदम गलका, आणि पुन्हा सगळं समजावणं. त्याला कंटाळा आला. शिवाय कचेरीत दोन नवी शिकलेली मुलं बसली होती, ऐकत होती. त्यांच्यासमोर आपण त्या जाजमावरचे नाही, या थंडगार खोलीतले आहोत, असं त्याला वाटून गेलं.

तो हसून म्हणाला, "चालेल सर. त्यांना काय कळतंय."

मुलं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी त्याच्याकडे एकवार पाहिलं, चष्मा पुसला आणि आपल्या खोलीत गेले.

कॉम्प्युटरवर पुसायला श्रम पडत नाहीत. अकरा गाळे, अकरा ओटे आणि तलावाची वाट. एका झटक्यात पडदा तिथे रिकामा झाला. मग त्याने तिथे एक रेघ ओढली. अठ्ठेचाळीस मीटर लांबीची, आणि बाजूला लिहिलं, कुंपणभिंत, उंची सात फूट. रेघ नेहमीसारखीच उत्तम आली.

इमारत उभी राहिली. मोठ्या रस्त्याकडे तिला काचा, दिवे, औषधांचं दुकान, केकचं दुकान. आळीकडे पाठ. वरच्या गॅलऱ्याही फिरल्या होत्या, आता त्या रस्त्याकडे बघत, आणि आळीकडे न्हाणीघरांच्या खिडक्या आल्या. भिंत झाली त्या दिवशी बायका बघत उभ्या राहिल्या. कमळाबाईने विचारलं, रवी, आमचे गाळे? आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, वरून मंजूर झाले नाहीत, मी खूप सांगून पाहिलं.

हे खोटं तो ठरवून बोलला नव्हता. पण एकदा बोललं गेलं आणि लोकांनी ते उचलून डोक्यावर घेतलं. कमळाबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "तू भांडला असशील रे पोरा. एकटा मानूस कवरा भांडल?"

शिव्या पचतात. हे पचेना.

आणि आगऱ्यांची रीत तुम्हाला ठाऊक असेल. ज्याने आपल्यासाठी खस्ता खाल्ल्या, त्याच्या घरी जिताडा पाठवायचा. पैशाने फिटत नाही ते जिताड्याने फेडायचं. शेततळं उपसलं की कमळाबाई त्यातला मोठा जिताडा केळीच्या पानात गुंडाळून भाच्याच्या घरी आणून देई. गावासाठी भांडला ना तो. संचिता मोठ्या मानाने तो घेई, आंबट रस्सा करी, आणि रवींद्र ताटावर बसून म्हणे, पोट बरं नाही. आगऱ्याचा पोरगा जिताड्याला नाही म्हणतो, तेव्हा बायकोने समजायचं काय? तिने त्याला दोनदा तपासून आणला. पोटात काहीच निघालं नाही.

भिंतीने आळीचं काय केलं ते सांगायला फार शब्द नकोत. पहिल्या वर्षी भिंतीला लागून मोटारसायकली उभ्या राहिल्या. दुसऱ्या वर्षी कचरा आला. समोरच्या अंगाला जी जुनी घरं उरली होती, त्यांनी भिंतीकडे बघण्यापेक्षा दारं लावून घेतली. शिकवणीच्या मुली मोठ्या रस्त्याने जाऊ लागल्या. बायका मात्र येत राहिल्या. भिंत आणि गटार यांच्यामध्ये हातभर जागा होती, तिथे पाटावर बसत. भिंतीवर दुपारचं ऊन पडे आणि ती संध्याकाळपर्यंत तापलेल्या तव्यासारखी पाठ भाजून काढी. बर्फ लवकर वितळे, मासळी लवकर नरम पडे, गिऱ्हाईक लवकर नाराज होई. कमळाबाईला नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं होतं. तरी ती उतरून येई आणि त्या भिंतीला पाठ लावून बसे. घरात करमत नाही म्हणे.

म्हणून रवींद्र उजवीकडून जाई.

गेल्या हिवाळ्यात आळीच्या दुसऱ्या अंगाची पाळी आली. तोच बिल्डर, तेच मुकुल सर. उरलेल्या घरांनी सांगितलं, सह्या देऊ, पण आधी आमच्या रवीला चुना टाकू दे. चुन्यात बसून बघू, मग सही. बिल्डरच्या माणसाने फोनवर रवींद्रला मोठ्या खुशीत सांगितलं, पहिल्यासारखंच करा, बाईमाणसांना ते चुन्याचं फार पटतं. नकाशा तयार होता. आळीकडे नऊ गाळे दाखवले होते. आणि गाड्यांच्या जागेपुढे पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह होतं. त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर काय, हे रवींद्रइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी तो पटांगणात गेला. चुना, दोरी, खुंट्या. बायका आधीच जमल्या होत्या. गेल्या खेपेच्या अकरांपैकी नऊ उरल्या होत्या. कमळाबाईने पंचाहत्तरी ओलांडली होती, काठीवर आली होती. त्याने दोरी ताणली, चुन्याची पहिली चौकट पूर्ण केली. अजून चुना पुरता बसलाही नव्हता तोवर कमळाबाई रेघ ओलांडून आत गेली, काठी बाजूला ठेवली आणि बसली.

"मना हीच जागा," ती म्हणाली. "तलावाचा वारा लागतंय हितं."

आणि तिने डोळे मिटून घेतले, वारा घ्यायला.

रवींद्रच्या हातात चुन्याचं घमेलं होतं. दुसऱ्या चौकटीची दोरी पायाशी होती. त्याने वाकायचा प्रयत्न केला, वाकता येईना. बायकांना वाटलं कंबर धरली. चंद्रभागा म्हणालीसुद्धा, कचेरीतल्या बैठ्या कामाने हाडं गंजली याची.

"आते, ऊठ," रवींद्र म्हणाला.

"का रं? माप चुकला?"

"माप बरोबर हाय. गाळा खोटा हाय." त्याने घमेलं खाली ठेवलं. "मागचे गाळे वरून उडाले नव्हते. ते मी काढले. या हातानं काढले. भितही मीच काढली."

 

"कोनी सांगितला तुना?" चंद्रभागेने विचारलं.

"कोनी नाय. सरांनी गावाला विचारून ये म्हटला. मी आलो नाय."

"का नाय आलास?" हे कमळाबाईने विचारलं. ती अजून बसलेलीच होती.

रवींद्र गावात गावच्या बोलीत बोले. पण हे वाक्य त्याने ज्या भाषेत उच्चारलं होतं, त्याच भाषेत त्याला सांगावं लागलं. दुसऱ्या भाषेत ते मऊ झालं असतं.

"मी सरांना म्हणालो, त्यांना काय कळतंय."

कमळाबाईने काठी ओढून घेतली. उठताना तिला नेहमी कोणाचा तरी हात लागे. रवींद्रने पुढे केला, तो तिने घेतला नाही. गुडघ्यावर हात दाबून, दोनदा बसकण घेऊन, तिसऱ्यांदा ती उठली. लुगड्याला मागे सगळा चुना लागला होता. तो झटकायला त्याचा हात निघाला आणि तसाच परत आला. ती देवळाच्या बाजूने निघून गेली आणि तिच्यामागे एकेक करून बाकीच्या.

चंद्रभागा तेवढी थांबली. "पाच वरसा आमी त्या भितीला भाजतो. तुज्या खिडकीतून दिसत असल नं?"

"मी तिकडे बघत नाय. मी फिरून जातो. बघवत नाय."

"बघवत नाय," ती म्हणाली. "म्हंजे तुना कळत होता."

ती गेली. रवींद्रने चुन्याची ती एकुलती चौकट पायाने पुसली. पुरती पुसली जाईना.

दुपारपर्यंत गावभर झालं. संचिताला गिरणीवर कळलं. ती घरी आली, दळणाचा डबा ठेवला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, पाच वर्षं मी त्या बाईच्या हातून जिताडा घेतला, मान वर करून घेतला, मला एकदा सांगितलं असतंस तर निदान मान खाली घालून घेतला असता. त्यानंतर आठ दिवस ती गरजेपुरतं बोलली. गावात तर तेवढंही नाही. तलावाच्या वाटेवर माणसं त्याला बघून थुंकली नाहीत की शिवी दिली नाही. नुसती बोलत बोलत गप्प होत, आणि तो पुढे गेला की पुन्हा बोलू लागत. त्याने डावीकडून जाऊन पाहिलं. एकदाच. कमळाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. कोलंबी सोलत होती. तिने वर पाहिलं, ओळख दाखवली नाही, आणि सोललेली कोलंबी पाण्यात टाकली. पण त्या दिवसापासून उजवीकडे वळायचं त्याने सोडलं. आता लपण्यासारखं काही उरलं नव्हतं, नुसती पायपीट उरली होती.

सोमवारी त्याने मुकुल सरांना सगळं सांगितलं. सर थकलेले दिसले. म्हणाले, "मढवी, त्या दिवशी तुम्ही 'चालेल' म्हणालात आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मलाही ते सोयीचं होतं." मग म्हणाले, आता सह्या तर अडल्याच आहेत. बिल्डर माझ्याही नावाने ओरडतोय. तुमच्या लोकांना काय हवंय ते खरोखर विचारून या, मी ते बिल्डरपुढे ठेवतो. मानील न मानील. रवींद्र म्हणाला, मी कुठल्या तोंडाने विचारू? 

अकराव्या दिवशी दारावर काठी वाजली. कमळाबाई होती. जिना चढून दमली होती, कारण रवींद्रच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. तिच्या हातात कागदाची सुरळी होती. पहिल्या इमारतीचा मंजूर नकाशा, कोणाच्या तरी पेटीत तांदळाखाली पडलेला. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून सुरळी पुढे केली.

"यो वाचाला शिकव," ती म्हणाली. "सगल्यांना. चुना नको आता."

दुसऱ्या दिवसापासून देवळाच्या सभामंडपात दुपारचा वर्ग सुरू झाला. रवींद्रने कचेरीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली. नऊ बाया, त्यात चौघी अक्षरओळख असलेल्या. त्याला वाटलं होतं, महिना जाईल. चार दिवस लागले. कागदावरचं एक बोट म्हणजे जमिनीवरची दोन पावलं, हे कळल्यावर त्यांनी फूटपट्टी परत केली आणि बोटांनीच माप घ्यायला लागल्या. आयुष्यभर मासळी बोटांनी मापणाऱ्या बायका, त्यांची बोटं चुकत नव्हती. दार कुठल्या बाजूला उघडतं ते त्या दारापाशी काढलेल्या गोलसर चापावरून सांगू लागल्या. तुटक रेघ म्हणजे डोक्यावरचं छत, जाड रेघ म्हणजे भिंत.

आणि प्रत्येक रेघेला प्रश्न होता. चंद्रभागा बोट ठेवी, म्हणे, ही कोनी ओढली? रवींद्र म्हणे, मी. ही? मी. आणि ही, न्हान्यांच्या खिडक्या आमच्यावर सोडल्यास ती? मी. सुरुवातीला त्याला वाटलं, ती छळते आहे. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, छळत नाही, शिकते आहे.  कोणी त्याला माफ केलं म्हटलं नाही. चहा आला तर त्यालाही मिळे, पण शेवटी मिळे.

पाचव्या दिवशी त्याने घरून आपला जुना कागद आणला, अकरा गाळ्यांचा, तीन रविवार घालून काढलेला. हा त्याने कधी फेकला नव्हता. खरं सांगायचं तर पाच वर्षं याच कागदाच्या आधाराने तो माणसात वावरला होता. मी नंतर वाईट वागलो, पण पहिलं चित्र चांगलं काढलं होतं, एवढं तरी माझ्या पदरी आहे, असं तो रोज स्वतःला सांगे. त्याने कागद मधोमध पसरला. म्हणाला, नवी इमारत अशी मागू या, सरांना पटेल.

कमळाबाई कागदावर वाकली. तिने बोटांनी गाळा मापला, कडेच्या उभ्या चित्रात ओट्याची उंची मापली, दार बघितलं. मग बोट गाळ्याच्या तळाशी फिरवत राहिली, काही हरवलेलं शोधावं तशी.

"पानी कुठना जाईल?" तिने विचारलं.

रवींद्रला कळलं नाही.

"मासली धुवाची नं आमी? रोज दहा हंडे पानी. हितं उतार नाय, मोरी नाय, नळ नाय. पानी शेजारणीच्या पाटाखाली जाईल. तिचा पुढचीच्या. सांजपर्यंत आमी मारामारी करू." तिने बोट पुढे सरकवलं. "आन यो ओटा कमरेएवढा. डोक्यावर टोपली घेऊन चढंल कोन? तू?"

बाकीच्या हसल्या. पंधरा दिवसांत त्याच्यासमोर त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या. रवींद्र कागदाकडे बघत राहिला. अकरा कोरडे, सपाट, सुंदर चौकोन. मासे विकणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेला माणूस, आणि त्याने मासळीच्या गाळ्याला मोरी काढली नव्हती. त्याने वह्यापुस्तकांची दुकानं काढली होती. सरांनी ज्यासाठी मान हलवली होती, ते.

"त्या दिवशी चुन्यात बसली होतीस तेव्हा बोलली का नाहीस, आते?"

"दिसला होता मना," कमळाबाई म्हणाली. "मोरी नाय ते बसल्या बसल्या दिसला. पन वाटला, आपला रवी हाय, शिकलेला हाय. त्याना ठावं असल."

चंद्रभागाही म्हणाली, मलाही दिसलं होतं. मग आणखी एक म्हणाली, ओट्याची उंची तोंडी सांगितलीस तेव्हा मलाही खटकली होती. नऊच्या नऊ जणींना काही ना काही दिसलं होतं, आणि नऊच्या नऊ गप्प राहिल्या होत्या, त्याच्यावर भरवसा टाकून.

 इतके दिवस रवींद्रची लाज एका वाक्याएवढी होती. आता ती त्याच्या रेघेपर्यंत येऊन पोचली, त्या कोऱ्या धोतराच्या काठापर्यंत. त्याला उठून जावंसं वाटलं. पण जाणार कुठे? वर्ग सुटायला अजून तास होता आणि नऊ बाया त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

त्याने खोडरबर काढलं. मग ते ठेवून दिलं आणि कोरा कागद पुढे ओढला. पेन्सिलीला टोक होतं तरी उगाच पुन्हा केलं.

"ओटा कवरा हवा?" त्याने विचारलं.

कमळाबाईने उभं राहून आपल्या पायावर, गुडघ्याच्या जरा खाली, हाताची कड धरली. तो उठला, पट्टी घेतली आणि आत्याच्या पायाशी बसून माप घेतलं. सव्वा फूट. लिहून घेतलं.

"आन पानी?"

मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. त्याने हात वर केला नाही, गप्प बसा म्हटलं नाही. ज्या गलक्याच्या भीतीने तो तेव्हा इथे आला नव्हता, तो हाच. तो मान खाली घालून, जिचं जे ऐकू येईल ते लिहीत गेला. एका बाजूला चंद्रभागा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि दर दोन ओळींनी सांगत होती, चुकला, खोड.